दुसरी शिंक

साताऱ्यात मला खोली दिली ती आबांनी. फोन उचलून 'हॅलो' म्हणायला शिकवलं ते आबांनी. परक्या गावात रस्त्यानं मान वर करून चालायला लावलं तेही आबांनीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात आबा तुम्हाला हट्टी, तऱ्हेवाईक, थोडे येडपटच वाटतील आणि तुम्ही हसाल. हसा. आम्हीपण हसायचो. पण हसताना मला भीतीही वाटायची, ती अजून आहे.

माझं माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या कडेला. घरात आई कानडी बोलायची, शाळेत मराठी, आणि टँकर आला की दोन्ही भाषांत भांडण. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती. ती राहिलीच. लग्न झाल्यावर नवरा सांगलीशेजारी कुपवाडला कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला आणि मुकादमानं त्याला साताऱ्याला काम दिलं. कुपवाड म्हणजे निदान आपल्या वाऱ्यावरचं. सातारा म्हणजे मला परदेशच. डोंगर जवळ आलेला, भाषा तीच पण बोलणाऱ्यांच्या भुवया वेगळ्या.

खोली बघायला आम्ही ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह घेऊनच फिरत होतो. प्रत्येक दारात तेच.

"कुठलं तुमी?"

"जतकडचं."

"जतचं म्हंजी कोण? आडनाव काय?"

नवरा आडनाव सांगायचा. मग घरातली बाई आत जायची, आत काहीतरी कुजबुज व्हायची आणि बाप्या बाहेर येऊन म्हणायचा, "कालच दिली बगा खोली." एका घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. ती माझ्या नवऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. त्यावर तो माणूस म्हणाला, "काढायची ऱ्हायली." आम्ही बुद्धाची माणसं. न सांगता समोरच्याला कळतं, आणि त्याला कळलं हे आम्हाला कळतं.

दुपारी आबांच्या फाटकाशी आलो. भर चैत्रात हा माणूस गळ्याला लोकरीचा मफलर आणि डोक्याला कानटोपी घालून उभा. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "घरात शिंका कुणाला येत्यात?"

आम्हाला काही समजेना. नवऱ्याला वाटलं, हा आडनावच विचारतोय. तो म्हणाला, "आमचं आडनाव..."

"आडनावाला शिंका येत्यात व्हय? मी काय इचारलं?"

"न्हाई जी. शिंका न्हाईत कुणाला."

"बाई, तू हिकडं ये. उनात हुबी ऱ्हा. सूर्याकडं बग."

काही माणसांना उन्हाकडं बघितलं की शिंक येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आणि मनात एकच, की आता काहीतरी चुकणार आणि हीसुद्धा खोली जाणार. माझं सगळं आयुष्य 'आता काहीतरी चुकणार' असंच गेलेलं. पण शिंक काही आली नाही.

"पास," आबा म्हणाले. "सामान आत घ्या."

आडनाव त्यांनी पुढंही कधी विचारलं नाही. लाइटबिल नावावर करताना कळलं तेव्हा म्हणाले, "लांबलचक हाय गड्या. फॉर्मात मावंल का?"

आबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळी नोकरी खेचरांच्या कंपनीत. बर्फाच्या डोंगरांवर खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा न्यायचा. खेचर ते माणसापेक्षा मोठं मानत. कुणाची लय स्तुती करायची झाली तर म्हणायचे, "खेचरासारका माणूस हाय." ऐकणारा बिचारा रागवावं की आभार मानावेत या विचारात.

या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे सर्दीची. रोज सकाळी मोरीत उभं राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठायचं. आमची खोली भिंतीला भिंत लावून. सुरुवातीला मी दचकायचे, मग त्या आवाजावर चूल पेटवायला लागले. निघताना कुणी शिंकलं तर बूट काढायचे, खुर्चीत बसायचे, पाणी प्यायचे आणि मग पहिल्यापासून निघायचे. आमच्याकडंही शिंक आली की म्हातारी माणसं थांबतात. पण आबांनी त्याची कवायतच करून टाकलेली.

"पैली शिंक म्हंजी 'थम'," ते सांगायचे. "त्याच माणसानं दुसरी दिली तर 'तेज चल'. दोन म्हंजी हुकूम रद्द. पर त्याच माणसाची पायजे. दुसऱ्याची चालत न्हाई."

हे गावाला ठाऊक. पोरं फाटकाशी येऊन खोटं शिंकायची आणि पळायची. आबा काठी उगारून ओरडायचे, "आरं एक अजून दे की रं भाड्या! आर्धं टाकून कुटं पळतोस?"

रस्त्याच्या बाजूच्या खोलीत त्यांनी एस्टीडी बूथ काढलेला. पिवळी पाटी, काचेची पेटी, आत फोन. फोनशेजारी निलगिरीच्या तेलाचं फडकं. गिऱ्हाईक बोलून बाहेर पडलं की रिसिव्हर पुसायचा. भिंतीवर लिहिलेलं, 'शिंक आल्यास बाहेर जावे. हुकुमावरून.' कुणाचा हुकूम ते लिहिलेलं नव्हतं. पुसायचं हे काम आबा स्वतः करत नसत. लोकांचा श्वास लागलेल्या त्या वस्तूला ते हातच लावायचे नाहीत. त्या कामावर माझ्या आधी कुणी टिकलं नव्हतं. मग बूथवर मी बसायला लागले.

मला फोनची भीती वाटायची. समोर तोंड नसताना माणूस कसं बोलतं? पहिल्या दिवशी घंटी वाजली आणि मी उठून उभीच राहिले. आबा दारातून ओरडले, "चावत न्हाई गं! उचल. म्हण, हॅलो." मी उचलला आणि म्हणाले, "हॅलो, मी काय केलं न्हाई." आबा त्या दिवशी एवढे हसले की छातीवर हात ठेवून खाली बसले. मला वाटलं हसूनच बसलेत. छातीवरचा तो हात मी तेव्हा बघितला, पण ओळखला नाही.

आबांची एकुलती मुलगी अमेरिकेत एका दवाखान्यात नर्स. तिला आम्ही ताई म्हणायचो. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. आबा रिसिव्हर धरणार नाहीत. मग मी रिसिव्हर कानाला लावून मध्ये उभी. ताई बोलणार ते मी आबांना सांगायचं, आबा बोलणार ते ताईला. यावरून माझं नावच त्यांनी 'सिग्नल' ठेवलं. "ए सिग्नल, काय म्हणती ती?" बापलेकीचं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जायचं. कधी कधी मलाच कळायचं नाही की आता रागावलंय कोण, ते का मी.

जिना चढताना आबा मध्येच थांबायला लागले. पायरीवर उभं राहून गावातल्या छपरांकडं बघायचे, जसं काही छपरं बघायलाच थांबलेत. पुण्याला त्यांचं बायपासचं मोठं ऑपरेशन पूर्वीच झालेलं, हृदयाकडं रक्ताला नवे रस्ते काढून दिलेले. आता ते नवे रस्तेही बुजत आले होते. सांगलीला हृदयाचा एक चांगला डॉक्टर होता. तिथं जायचं ठरलं. नवऱ्याला रजा नाही, म्हणून मी बरोबर.

सांगलीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला लावली, आबांकडं बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि शिंकला.

आबा उठले. बाहेर जाऊन बाकड्यावर बसले आणि बूट काढले.

डॉक्टर तरुण होता. तो रुमाल धरून मागं आला. "आबा, माझ्या शिंकेचा आणि तुमच्या हृदयाचा काही संबंध नाही हो."

"हाय का न्हाई ते फिल्लमवर दिसतंय व्हय? एक अजून द्या, मग सांगा."

"अशी मागून येते का?"

"मग माझ्या सिग्नलला सांगा. मी आयकत न्हाई."

म्हणून ते मी एकटीनं ऐकलं. डॉक्टर म्हणाला, दुसऱ्यांदा ऑपरेशन होणार नाही. फुगा घालून उघडता येईल अशीही जागा राहिली नाही. हृदयाच्या एका बाजूला रक्तच पोचत नाही, ती बाजू उपाशी आहे. गोळ्या घ्या, जपा. मी विचारलं, "जपून किती?" तो फिल्मकडं बघत राहिला.

बाहेर आले. आबांनी विचारलं, "काय म्हणला?"

"उपाशी हाय म्हणत्यात. एक बाजू."

"मग जेवाया चल," आबा म्हणाले आणि बूट घातले.

सांगलीच्या स्टँडवर जतची गाडी लागलेली होती. माझे पाय तिथंच थबकले. आबांनी बघितलं. "जा. आईला भेटून ये. मी बसतो हितं." मी नाही म्हटलं. मला तेव्हा आईच्या ओढीपेक्षा त्यांच्या जिवाची भीती जास्त वाटत होती. गाडी सुटली, तिच्या मागच्या काचेवर धूळ होती, आमच्याकडची लाल-पांढरी धूळ, आणि मी आबांची पिशवी गच्च धरून उभी होते.

मग आला तो फोन. ताई त्या दिवशी भरभर बोलत होती. तिच्या दवाखान्यात एक नवीन उपचार करून बघतायत. अजून पक्का नाही, पारखणं चालू आहे. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बुजल्या आहेत त्यांच्यासाठी. तिनं सगळी माहिती काढलेली.

"सांग नीट, पाठ म्हटल्यागत नको," आबा म्हणाले.

"मांडीच्या शिरेतनं नळी घालायची म्हणत्यात. ती वर काळजापतूर न्यायची."

"नळी म्हाईत हाय. पुढं?"

"नळीतनं काळजात जीन सोडायचं."

"जीन?" आबांच्या भुवया टोपीत गेल्या. "खोगीर? काळजावर जीन घालून कुटल्या लढाईला नेत्यात?"

मी ते तसंच ताईला सांगितलं. तिकडं ताई हसली आणि हसता हसता नाक ओढायला लागली. मग तिनं मला सावकाश समजावलं. मी आबांना म्हणाले, "जीन म्हंजी खोगीर न्हवं, आबा. ताई म्हणत्यात, शरीरात लिवलेला हुकूम असतोय. हा हुकूम असा हाय की नव्या बारीक शिरा फुटू द्या. जुनी वाट बंद झाली तर शेजारनं पायवाटा."

आबा ताठ बसले. हुकूम हा शब्द त्यांना समजला. "बरुबर. पर हुकूम घिऊन जाणार कोण? रनर लागतो. कागद आपल्या पायानं जात न्हाई."

मी विचारलं. ताईनं उत्तर दिलं आणि मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"काय म्हणली?"

मी रिसिव्हरवर हात ठेवला. या माणसाला हे कसं सांगायचं? न सांगून चालणार नव्हतं, त्यांच्याच काळजात जायचं होतं ते.

"आबा... रनर म्हंजी सर्दीचा जंतू हाय."

आबांनी मफलर नाकापर्यंत ओढला. निलगिरीचा वास एकदम जास्त आल्यासारखं झालं.

"पुन्ना सांग."

"सर्दीचा जंतू. त्याची नखं-दात काढल्याली असत्यात, ताई म्हणत्यात. त्यो आत घुसण्यात पटाईत म्हणून त्याच्याच पाठीवर हुकूम लादायचा. खेचरासारका."

खेचर हा शब्द माझा होता, ताईचा नव्हता. पण आबांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"तिला इचार," ते हळूच म्हणाले, "तिची आई कशानं गेली ते ध्यानात हाय का?"

तोवर मला एवढंच ठाऊक होतं की आबांची बायको लवकर गेली. मी विचारलं. ताई बोलेना. मग इकडून आबाच बोलले, मला का भिंतीला कोण जाणे. "साधी सर्दी झाल्ती. मी वर बर्फात. कार्ड आलं, सर्दी झाली हाय, काळजी नसावी. मी काळजी केली न्हाई. रजा घिऊन आलो तवा रक्षाबी सावडून झाल्ती."

"ताई कायच बोलत न्हाईत, आबा."

"मग तिला सांग, मीबी कायच बोलत न्हाई."

मी सांगितलं. असे दोघं गप्प आणि मधे मी, कानाला रिसिव्हर लावून.

त्यानंतर कितीतरी रविवार ते बूथकडं फिरकलेच नाहीत. ताईला मी सांगायचे, आबा नाही म्हणतात. एकदा तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी जेवताना आबांच्या कानावर घातली. ज्यांच्यावर हा प्रयोग होतो त्यातल्या काहींना खरं औषध देतात, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय दिलं ते त्या माणसाला सांगत नाहीत, नळी घालणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

"ब्लँक!" आबा म्हणाले. "खोटं काडतूस. आवाज तेवडाच, गोळी न्हाई."

माझा नवरा घास थांबवून म्हणाला, "आवं आबा, एवढ्या लांब जाऊन पाणीच मिळालं तर?"

"तुमच्या जतला पाणी मिळालं की नाचतायसा की रं. मला मिळालं तर काय वाईट?"

हसलो. पण आबा जाणार नाहीत हे आम्ही धरून चाललो होतो.

मग एका सकाळी गुळण्यांचा आवाज सुरू झाला आणि मधेच तुटला.

मी चुलीवरचं तसंच टाकून धावले. आबा मोरीच्या कट्ट्याला धरून वाकलेले, ओठ निळसर, तोंडातलं पाणी गळ्यावरून खाली. त्यांच्या खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी मी काढली, दोनदा माझ्याच हातून पडली, तिसऱ्यांदा तोंडात गेली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले आणि कानडीत आईला हाका मारत राहिले, "अव्वा, अव्वा." का ते कळत नाही. त्यांची कुणीही नव्हते मी, पण त्या परक्या गावात आधाराचं वडीलधारं माझं तेवढंच माणूस होतं.

रंग परत आला तसे ते म्हणाले, "सिग्नल, कानडीत का वरडतीस? देव मराठी हाय हितला."

आणि थोड्या वेळानं, "ताईला कळव. रनर मंजूर."

"खरंच, आबा?"

"तिची आई गेली तवा जवळ कोण न्हवतं. पोरगी तरी बापाजवळ असू दे. मेलो तर तिच्या म्होरं मरंन."

निघायची तयारी महिनोन् महिने चालली. सांगलीच्या डॉक्टरनं कागद दिले, रुमाल तोंडावर धरूनच. मुंबईच्या विमानापर्यंत नवरा सोडायला जाणार होता. विमान चुकलं तर तिकडची ठरलेली वेळ चुकणार, आणि ती पुन्हा मिळेलच असं नाही, हे ताईनं मला बजावून सांगितलेलं. मी आदल्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांना हातापाया पडून सांगत होते, उद्या फाटकाशी येऊ नका रे बाबांनो, निदान शिंकू नका. एका पोराला पडसं होतं, त्याला त्याच्या आईनं आतच कोंडला.

सकाळी मी भाकरी आणि ठेचा बांधत होते. तव्यावर मिरच्या परतल्या, लसूण ठेचला, ठसका घशात बसला तो बसलाच. आबा नवा कोट, मफलर, टोपी घालून उंबऱ्यावर आले. जीपवाला भोंगा वाजवत होता. नवऱ्यानं बॅग उचलली. आबांनी उजवा पाय उचलला.

मला कळलं की ती येतेय. नाक दाबलं, जीभ टाळूला लावली, श्वास कोंडला. डोळे भरून आले. सगळ्या अंगानं थोपवलं.

आली. मोठी, भांडं पडावं तशी.

जीपवाल्यानं भोंगा थांबवला. नवरा माझ्याकडं असा बघत होता की मी माणूस मारलंय. आबांचा पाय हवेतच. मग तो मागं आला. ते खुर्चीत बसले आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"आबा, जीप..." नवरा म्हणाला.

"थम."

मी भिंतीला टेकले. दुसरी येईना. नाकात पदराचं टोक घातलं, येईना. तपकीर कुणाकडं आहे का म्हणून ओरडले. भीतीनं माझं नाक सुकून लाकूड झालं होतं. ज्याच्या आसऱ्यानं जगले त्याची वाट मीच अडवली होती.

आबांनी एक बूट काढला. माझ्याकडं बघितलं. आणि तसेच, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, अंगणात गेले.

"सिग्नल, हिकडं ये. उनात हुबी ऱ्हा."

मी गेले. फाटकाजवळची तीच जागा.

"सूर्याकडं बग."

"आबा, मला उनानं येत न्हाई. तुमी बगितलंय की."

"तवा तू भ्यालीवतीस."

"आताबी भ्याले हाय!"

"तवा स्वतःसाठी भ्यालीवतीस. आता माझ्यासाठी भ्यालीयास. येगळं आसतंय ते. बग वर."

मी बघितलं. सगळं पिवळं, मग लाल. ठेच्याचा वास बोटांना होता. आबा शेजारी उभे, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, तो उपाशी बाजूचा तोकडा श्वास. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या पाण्यातून कुठून तरी ती वर चढली.

शिंकले.

"तेज चल!" आबा ओरडले, बूट हातात घेऊनच जीपमध्ये चढले आणि गेले.

नंतरचे दिवस मला आठवू नयेत असे आहेत. भिंतीपलीकडं आवाज नाही. घर इतकं गप्प झालं की एका सकाळी मीच त्यांच्या मोरीत जाऊन मोठ्यानं गुळण्या केल्या. नवरा उठून धावत आला. "काय झालं?" म्हटलं, "काय न्हाई. घराला सवय ऱ्हावी."

ताईचा फोन आला, नळी घातली, सगळं नीट झालं. पुन्हा फोन आला, ताप चढलाय. असा ताप येतो कधी कधी, डॉक्टर म्हणतात घाबरू नका. पण ताईचा आवाज घाबरलेलाच होता. मी फोन ठेवला आणि निलगिरीच्या फडक्यानं रिसिव्हर पुसत बसले. पुसत राहिले, जसं काही इथं पुसलं तर तिथं ताप उतरेल.

मग एक दिवस घंटी वाजली आणि कुणीतरी खरखरीत आवाजात म्हणालं, "हॅलो. सिग्नल?"

"कोण बोलताय?"

"आगं मी."

मला खरंच ओळखू आला नव्हता. इतके दिवस त्यांचा आवाज फोनवर म्हणजे मीच होते. "आबा! तुमी फोन धरलाय? हातात?"

"धरलाय की. त्या जंतूला आतच सोडलाय आता. भायेरच्याला काय भ्यायाचं?"

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नगं, नाक गळंल. मग पूस बसून."

आबा परत आले. मफलर आहेच, टोपी आहेच. जिना चढताना पूर्वीइतके थांबत नाहीत. थांबले तरी छपरांकडं बघत नाहीत, सरळ सांगतात, "दमलो." त्यांना औषध मिळालं की पाणी, ते आम्हाला कळलेलं नाही. ताई म्हणते, कदाचित पुढं सांगतील. वारं सुटलं, छाती भरून आली की ते विचारतात, "सिग्नल, औषध का पाणी?" मी म्हणते, "औषध." ते म्हणतात, "पाणी आसलं तरी चालतंय. ब्लँकच्या आवाजानंबी पाखरं उडत्यात."

मधे ताईनं एक बातमी सांगितली. तिकडं दुसऱ्याच एका आजारावर, पण असाच सर्दीचा जंतू वापरून उपचार करताना एक माणूस दगावला. सगळीकडं तपासण्या कडक झाल्यात. तुमचं वेगळं आहे, घाबरू नका. मी आबांना सांगितलं.

"वय काय व्हतं?"

"तरणा पोरगा व्हता म्हणत्यात."

आबांनी कानटोपी काढली. उघड्या डोक्यानं, उघड्या अंगणात, वाऱ्यात उभे राहिले. मी 'टोपी घाला' म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून माझी भीती परत पहिल्याइतकी झाली. रोज सकाळी मी भिंतीला कान लावते. आवाज आला की चूल पेटवते.

आज सकाळीही आला. लांबलचक, खरखरीत, कुत्रं उठवणारा.

आमचं स्वतःचं घर अजून व्हायचं आहे. कधी होईल ते ठाऊक नाही. पण होईल तेव्हा त्याला रस्त्याच्या बाजूला एक खोली जास्तीची काढायची, हे मी आणि नवऱ्यानं ठरवून ठेवलंय. कुणीतरी ट्रंक, वळकटी घेऊन दाराशी येईल, घाबरलेलं, आडनाव जिभेवर घेऊन. त्या वेळी फाटकाशी आबांची खुर्ची मांडीन, ते असतील तर ते बसतील, नसतील तर टोपी ठेवीन. आणि त्या माणसाला फक्त उन्हात उभं करीन. त्यात ते शिंकलंच, तर घाबरून पळायच्या आत त्याचा हात धरीन आणि म्हणेन, थांब, एक अजून दे, मग सामान आत घे. आबा, तुमचं देणं मी असं फेडणार आहे. तोवर तेवढ्या गुळण्या सोडू नका.